तारायुग्म, ग्रहणकारी

ग्रहणकारी तारायुग्म : परस्परांभोवती फिरणाऱ्या ज्या दोन ताऱ्यांच्या कक्षेचे प्रतल पृथ्वीवरील निरीक्षकाच्या दृष्टिरेषेत किंवा तिच्या अगदी जवळ असते व त्यामुळे जे आळीपाळीने एकमेकांस झाकतात, अशा जोडीस ग्रहणकारी तारायुग्म म्हणतात. यांस पिधानकारी युग्मतारे असेही नाव आहे. बहुतेक युग्मांतील दोन घटक इतके जवळ असतात की, मोठ्या दूरदर्शकातूनही ते वेगळे दिसत नाहीत. दिसतो तो एकच प्रकाशबिंदू व त्याचे ठराविक काळाने होणारे मंद-तेजस्वी रूप. म्हणून रूपविकारी ताऱ्यांत त्यांची गणना होते [⟶ तारा]. मात्र स्वतः फुगून-आकसून तेज बदलणाऱ्या ताऱ्यांप्रमाणे हा बदल ताऱ्याच्या अंतरंगातील नसतो. तो केवळ सावलीचा खेळ असतो. याच कारणाने तो भूमितीने उलगडता येतो आणि ताऱ्यांची वस्तुमाने व त्रिज्या ठरविण्याचे सर्वांत भरवशाचे साधन म्हणून या युग्मांस ज्योतिषशास्त्रात मोठे महत्त्व आहे.

ययाती तारकासमूहातील अल्गॉल (बीटा पर्सी) हा या वर्गाचा नमुना होय. अरबी भाषेत या नावाचा अर्थ राक्षसाचे शिर असा होतो. त्याच्या तेजात बदल होतो, हे इटालियन ज्योतिषी जेमिन्यानो माँतानारी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात नोंदविले होते; पण बदलास नियम आहे हे इंग्लंडमधील यॉर्क येथील जॉन गुडरिक (१७६४–८६) या मूकबधिर तरुणाने १७८२-८३ मध्ये दाखवून दिले. साध्या डोळ्यांनी केलेल्या निरीक्षणांवरून त्याने आवर्तकाल काढला आणि एखादी मोठी काळी वस्तू ताऱ्याभोवती फिरत असावी, असा तर्क मांडला. रॉयल सोसायटीने १७८३ चे कॉप्ली पदक त्यास दिले. त्या वेळी त्याचे वय १९ वर्षे होते व पुढे तीन वर्षांतच तो मृत्यू पावला. त्याचा तर्क सिद्ध होण्यास शंभरांहून अधिक वर्षे लागली. १८८९ मध्ये हेर्मान फोगेल यांनी पॉट्सडॅम येथे अल्गॉलचे वर्णपट घेतले. तारा मंद होण्यापूर्वी पृथ्वीपासून दूर जात असतो व मंदावल्यानंतर पृथ्वीकडे येत असतो, असे वर्णरेषांच्या सरकण्यावरून त्यांस आढळले. तारा अदृश्य सोबत्याभोवती फिरतो, याचा हा निर्विवाद पुरावा होता.

गुडरिकजवळ जी साधने होती त्यांहून अधिक काही नसतानाही हे निरीक्षण आज कोठेही करता येते. प्रस्तुत नोंदीतील उदाहरणे वऱ्हाडातील अमरावती (२०° ५६′ उ., ७७° ४५′ पू.) व अकोला (२०° ४२′ उ., ७७° पू.) या शहरांस धरून घेतली आहेत. सूर्यग्रहण या दोन ठिकाणी वेगवेगळ्या क्षणी लागते व सुटते, कारण चंद्राची छाया पृथ्वीवरून सरकत जाते. ताऱ्याच्या ग्रहणाचे तसे नाही. ते ताऱ्याच्याच ठिकाणी घडून गेलेले असते व त्याची वार्ता घेऊन येणारा प्रकाश अमरावतीस व अकोल्यास जवळजवळ एकाच क्षणी पोहोचतो; सरळ रेषेत सु. ८० किमी. असलेले हे अंतर तोडण्यास प्रकाशास सेकंदाचा तीन हजारावा भागही लागत नाही. म्हणून दोन्ही गावच्या निरीक्षकांच्या वेळांत फरक आढळला, तर तो ताऱ्याचा नसून निरीक्षकांचा असतो. दोघांनी परस्परांस न विचारता नोंदी करणे व मागाहून त्या ताडून पाहणे, हा चुकीचे प्रमाण कळण्याचा उत्तम मार्ग आहे. आधी विचारले, की दोघांचे आकडे जुळू लागतात व मग ते जुळण्यास काहीच अर्थ उरत नाही.

तेजाचे अनुमान : ताऱ्याचे तेज प्रतीत मोजतात. प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद. पाच प्रतींच्या फरकास तेजाचे १०० : १ हे प्रमाण धरण्याची आजची पद्धत नॉर्मन पॉगसन यांनी १८५६ मध्ये सुचविली, पुढे हेच पॉगसन १८६१ पासून मृत्यूपर्यंत (१८९१) मद्रास वेधशाळेचे प्रमुख होते. दृश्य निरीक्षणात रूपविकारी ताऱ्याची तुलना जवळच्या दोन स्थिर ताऱ्यांशी करतात. त्यांपैकी एक त्याहून तेजस्वी व दुसरा त्याहून मंद असावा लागतो. उदा., अल्गॉल एप्सिलॉन पर्सीहून (प्रत २·९) मंद व कॅपा पर्सीहून (प्रत ३·८) तेजस्वी दिसत असून त्याचे स्थान या दोहोंमधील अंतराच्या एक-तृतीयांशावर वाटत असेल, तर त्याची प्रत ३·२ होते. सवयीने असे अनुमान एक-दशांश प्रतीपर्यंत बरोबर येते. जवळच असलेला ऱ्हो पर्सी हा तारा मात्र तुलनेस घेऊ नये. तो स्वतःच रूपविकारी आहे. नवशिक्याची फसगत बहुधा येथेच होते.

अमरावतीहून पाहता अल्गॉल उत्तरेकडे सु. ७०° उंचीवर मध्यमंडल ओलांडतो व क्षितिजापासून २०° हून अधिक उंचीवर पावणेअकरा तासांच्या आसपास राहतो. तारा क्षितिजाजवळ असताना वातावरण त्याचा बराच प्रकाश शोषून घेते, म्हणून त्या वेळची अनुमाने टाळणे इष्ट असते. ग्रहण आरंभापासून शेवटपर्यंत सु. १० तास चालते. अर्थात संपूर्ण ग्रहण एकाच रात्रीत पाहण्यास हिवाळ्यातील लांब रात्र हवी व किमान तेजाचा क्षण मध्यरात्रीच्या सुमारास यावयास हवा. असा योग वर्षातून क्वचितच येतो. ऋतुमान मात्र अनुकूल आहे. मे महिन्यात अल्गॉल सूर्याच्या बाजूस असतो व पावसाळा ओसरून वऱ्हाडाचे आकाश निवळते, त्या सुमारास तो पूर्वरात्री उगवू लागतो. याउलट स्वरमंडल समूहातील बीटा लायरी हा तारा संध्याकाळच्या आकाशात जुलै ते सप्टेंबर या काळात, म्हणजे नेमका ढगांमागे, उंच असतो. त्याच्या निरीक्षणांत येथे दरवर्षी खंड पडतोच.

कालमापन : आवर्तकाल काढताना तेजाच्या चुकीपेक्षा वेळेची चूक अधिक महाग पडते. निरीक्षणाची वेळ भारतीय प्रमाण वेळेत नोंदवून तीतून ५ तास ३० मिनिटे वजा केली म्हणजे जागतिक वेळ मिळते व तीवरून ज्यूलियन दिनांक काढतात. ही अखंड दिनगणना असल्याने दोन घटनांमधील अंतर केवळ वजाबाकीने मिळते. ज्यूलियन दिवस जागतिक वेळेनुसार दुपारी १२ वाजता, म्हणजे भारतीय वेळेनुसार सायंकाळी साडेपाचला बदलतो. त्यामुळे आपल्याकडील संपूर्ण रात्र एकाच दिनांकात पडते. यूरोपातील निरीक्षकाचीही रात्र दुभंगत नाही. जपानी निरीक्षकाचा दिनांक मात्र स्थानिक रात्री नऊ वाजता बदलतो. स्थानिक वेळेत केलेल्या जुन्या नोंदी वापरावयाच्या असल्यास अमरावतीची स्थानिक मध्यम वेळ प्रमाण वेळेपेक्षा १९ मिनिटांनी व अकोल्याची २२ मिनिटांनी मागे असते, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी दुरुस्ती पृथ्वीच्या भ्रमणाची आहे व ती सहज विसरली जाते. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत येण्यास प्रकाशास ८·३ मिनिटे लागतात. पृथ्वी आपल्या कक्षेत ताऱ्याच्या बाजूस असते तेव्हा ग्रहण लवकर दिसते, विरुद्ध बाजूस असते तेव्हा उशिरा. अल्गॉलसाठी हा फरक जास्तीत जास्त ७·७ मिनिटे असतो. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ग्रहण तितके आधी दिसते व फेब्रुवारीच्या मध्यास ही दुरुस्ती शून्यावर येते. आता अमरावतीच्या एखाद्या निरीक्षकाने मध्य नोव्हेंबरपासून मध्य फेब्रुवारीपर्यंत ३२ आवर्तने पाहिली व ही दुरुस्ती केली नाही, तर त्याचा आवर्तकाल दर आवर्तनामागे १४ सेकंदांनी मोठा येईल. निरीक्षणे कितीही काळजीपूर्वक केलेली असली, तरी ही चूक त्यांत लपून बसते. म्हणून सर्व वेळा सूर्यावरून पाहिल्याप्रमाणे, म्हणजे सूर्यकेंद्री करून घेतात. अतिसूक्ष्म कामासाठी सूर्यमालेचा वस्तुमानमध्य घेतात.

आवर्तकाल काढणे : प्रथम किमान तेजाचा क्षण ठरवावा लागतो. तो डोळ्यांनी थेट ठरविता येत नाही, कारण त्या सुमारास तेज फार सावकाश बदलते. तेज उतरतानाची व चढतानाची बाजू मात्र तीव्र उताराची असते. सर्व अनुमाने आलेखावर मांडून समान तेजाच्या दोन्ही बाजूंच्या वेळांचे मध्य काढतात. हे मध्य ज्या क्षणी पडतात तो किमान क्षण होय. आलेख पारदर्शक कागदावर काढून, तो उलटा ठेवून दोन्ही बाजू जुळविण्याची युक्तीही पुष्कळ वापरली गेली आहे. हेच काम गणिताने करण्याची के. के. क्वी व एच. व्हान वूर्डेन यांची १९५६ ची पद्धत आजही रूढ आहे.

एका किमान क्षणात १० मिनिटांची चूक असली, तर लागोपाठच्या दोन ग्रहणांवरून मिळणाऱ्या आवर्तकालात सु. १४ मिनिटांची चूक राहील. परंतु दहा वर्षांच्या अंतराने असेच दोन क्षण मिळाले, तर मधल्या काळात अल्गॉलची सु. १,२७४ आवर्तने झालेली असतात व तीच चूक तितक्यांत विभागली जाऊन एका आवर्तनामागे सेकंदाच्या दोन-तृतीयांशाइतकीच उरते. गुडरिकच्या काळी साध्या घड्याळावर इतकी अचूकता साधली ती या भागाकारामुळे.

यासाठी मधली आवर्तने नेमकी किती झाली हे ठाऊक असावे लागते आणि खरी अडचण तेथेच आहे. अल्गॉलचा आवर्तकाल २ दिवस २० तास ४९ मिनिटे आहे. त्यामुळे ग्रहण दर खेपेस तीन दिवसांनी सु. ३ तास ११ मिनिटे आधी येते : एका पहाटे ३ वाजता, तीन दिवसांनी रात्री ११-४९ ला, त्यानंतर तीन दिवसांनी रात्री ८-३८ ला, आणि मग ते दिवसा जाते. सात आवर्तनांनी, म्हणजे २० दिवस १ तास ४२ मिनिटांनी, ते पुन्हा जवळपास त्याच वेळी दिसते. समजा, अकोल्याच्या निरीक्षकास केवळ वीस-वीस दिवसांनीच ग्रहणे दिसली. त्यावरून आवर्तकाल २०·०७ दिवस आहे, की त्याचा निम्मा, की तिसरा, की सातवा भाग आहे, हे ठरविता येणार नाही. निर्णय होतो तो इतर रात्रींच्या नोंदींवरून. तारा पूर्ण तेजात होता, काही घडले नाही, अशा रात्री एकेक पर्याय रद्द करीत जातात. तेव्हा ज्या रात्री काहीही दिसले नाही तिचीही वेळेसह नोंद ठेवली पाहिजे. वहीत केवळ ग्रहणांच्याच रात्री लिहिणाऱ्याची अर्धी मेहनत वाया जाते.

स्थूल आवर्तकाल हाती आल्यावर सर्व निरीक्षणे एकाच आवर्तनात घडी घालून बसवितात. निरीक्षणाच्या वेळेतून मूळ किमान क्षण वजा करून येणाऱ्या काळास आवर्तकालाने भागतात. भागाकारातील पूर्णांक म्हणजे आवर्तनांची संख्या व अपूर्णांक म्हणजे कला. आवर्तकाल बरोबर असेल, तर अनेक महिन्यांचे विखुरलेले बिंदू एका रेखीव वक्रावर येतात. थोडाही चुकला असेल, तर वक्र पसरट व धूसर होतो. अल्गॉलसाठी रूपविकारी ताऱ्यांच्या सूचीत मूळ क्षण ज्यूलियन दिनांक २४,४५,६४१·५१३५ (भारतीय वेळेनुसार ३ नोव्हेंबर १९८३ ची पहाट) व आवर्तकाल २·८६७३०४३ दिवस दिला आहे. तेव्हापासून १ जानेवारी २०२५ पर्यंत ५,२४३ आवर्तने पुरी झाली. आवर्तकालात एका सेकंदाची चूक असती, तर या अवधीत भाकीत जवळजवळ दीड तासाने चुकले असते.

प्रकाशवक्राचे वाचन : कलेनुसार तेजाचा आलेख म्हणजे प्रकाशवक्र. अल्गॉलची प्रत २·१ वरून ३·४ वर जाते. म्हणजे प्रमुख ग्रहणात सु. ७० टक्के प्रकाश नाहीसा होतो. अर्ध्या आवर्तनानंतर तेजस्वी तारा मंद सोबत्यास झाकतो तेव्हाची घट इतकी अल्प असते, की ती डोळ्यांस कळत नाही. जोएल स्टेबिन्स यांनी सेलेनियम प्रकाशमापकाने ती १९१० मध्ये प्रथम दाखविली. दोन ग्रहणांच्या खोलींचे प्रमाण हे दोन ताऱ्यांच्या पृष्ठतेजाचे प्रमाण असते. अधिक खोल ग्रहणात झाकला जाणारा तारा अधिक तप्त असतो, अधिक मोठा असेलच असे नाही. ग्रहणाचा तळ सपाट असला, तर ते खग्रास किंवा कंकणाकृती असते. टोकदार असला, तर खंडग्रास. अल्गॉलचे ग्रहण खंडग्रास आहे.

ग्रहणाच्या कालावधीवरून ताऱ्यांचा आकार मिळतो. अल्गॉलच्या ६८·८ तासांच्या आवर्तकालातील १० तास ग्रहणात जातात. कक्षेचा थोडा कल जमेस धरता यावरून दोन्ही त्रिज्यांची बेरीज परस्परांतील अंतराच्या सु. ०·४६ पट येते. ही प्रमाणे शोधण्याची पद्धतशीर रीत अमेरिकन ज्योतिर्विद हेन्री नॉरिस रसेल यांनी १९१२ मध्ये मांडली. अगदी निकटच्या युग्मांत ताऱ्यांचे आकार गोल न राहता परस्परांच्या ओढीने लांबट होतात व ग्रहण नसतानाही तेज सतत बदलत राहते. बीटा लायरी (आवर्तकाल १२·९४ दिवस) तसा आहे. सप्तर्षी समूहातील डब्ल्यू अर्सी मेजॉरिस या युग्मातील तारे एकमेकांस चिकटलेले असून त्यांचे आवर्तन आठ तासांत पुरे होते. त्याची प्रत ८ च्या आसपास असल्याने तो लहान दूरदर्शकातून किंवा द्विनेत्रीतून पाहावा लागतो, पण हिवाळ्यातील एका रात्रीत त्याचा सबंध प्रकाशवक्र हाती येतो. विद्यार्थ्यांसाठी याहून चांगला तारा नाही. अशा विकृत आकारांसाठी आर. ई. विल्सन व ई. जे. डेव्हिनी यांनी १९७१ मध्ये संगणकावर आधारलेली पद्धत दिली.

प्रकाशवक्र केवळ प्रमाणे देतो. किलोमीटरांत मापे हवी असल्यास वर्णपटावरून दोन्ही ताऱ्यांच्या गती मोजाव्या लागतात. अल्गॉलच्या मंद सोबत्याच्या वर्णरेषा जे. टॉम्किन व डी. एल. लँबर्ट यांस १९७८ मध्ये सापडल्या. त्यांवरून व पुढील मोजणींवरून घटकांतील अंतर सु. ९३ लाख किमी., म्हणजे सूर्य व बुध यांच्या सरासरी अंतराच्या सहाव्या हिश्शाइतके येते. तेजस्वी ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या सु. ३·२ पट व सोबत्याचे ०·७ पट आहे. त्रिज्या अनुक्रमे २·७ व ३·५ पट आहेत. या आकड्यांनी ज्योतिर्विदांस पेचात टाकले होते. अधिक वस्तुमानाचा तारा आपले इंधन आधी संपवून आधी फुगतो, हा ताऱ्यांच्या उत्क्रांतीचा नियम. येथे तर हलका तारा फुगलेला, वृद्ध व जड तारा अद्याप तरुण आहे. आज हलका असलेला तारा मुळात अधिक जड होता व फुगताना त्याचे बरेचसे द्रव्य सोबत्याकडे वाहून गेले, असा उलगडा जे. ए. क्रॉफर्ड यांनी १९५५ मध्ये सुचविला व तो मान्य झाला आहे.

आवर्तकालातील बदल : द्रव्य वाहिले की आवर्तकाल बदलतो. प्रत्यक्ष पाहिलेल्या किमान क्षणातून गणिताने आलेला क्षण वजा करून तो फरक वर्षानुवर्षे आलेखावर मांडतात. फरक सरळ तिरप्या रेषेत पडला, तर गृहीत आवर्तकालच चुकीचा असतो. वक्र अन्वस्तासारखा झाला, तर आवर्तकाल सतत वाढत किंवा घटत असतो. लाटेसारखा झाला, तर बहुधा तिसरा तारा युग्मास पुढे-मागे ओढत असतो. अल्गॉललाही असा तिसरा सोबती असून त्याची फेरी सु. ६८० दिवसांची आहे. बीटा लायरीचा आवर्तकाल दरवर्षी सु. १९ सेकंदांनी वाढतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण फरक साचत जातो : दहा वर्षांत ग्रहण भाकितापेक्षा सात तासांहून उशिरा होते. गुडरिकने १७८४ मध्ये हा तारा प्रथम पाहिला तेव्हापासून त्याचा आवर्तकाल सु. सव्वा तासाने वाढला आहे. या वाढीचा शोध जुन्या नोंदी जपल्या गेल्या म्हणूनच लागला.

निजामाच्या राज्यात हैदराबाद येथे १९०१ मध्ये स्थापन झालेली व १९०८ मध्ये सरकारकडे आलेली निजामिया वेधशाळा ही वऱ्हाडास भूगोलाने व इतिहासाने जवळची. वऱ्हाड त्या काळी इंग्रजांच्या प्रशासनाखाली असले, तरी नाममात्र निजामाचेच होते. तिची परंपरा पुढे उस्मानिया विद्यापीठाने चालविली व जापाल-रंगापूर येथे १९६८ मध्ये १·२ मी. व्यासाचा दूरदर्शक उभारला. कृ. दा. अभ्यंकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे ग्रहणकारी युग्मांची प्रकाशविद्युत् मापने केली. महाराष्ट्रात पुणे येथील आयुकाचा २ मी. दूरदर्शक गिरवली येथे २००६ मध्ये सुरू झाला. हौशी निरीक्षकांचे संघटन १९४४ पासून पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेने केले आहे. केप्लर (२००९) व टेस (२०१८) या अवकाशस्थ दूरदर्शकांनी, तसेच गैया उपग्रहाने या क्षेत्राचा विस्तार अतोनात वाढविला; गैयाच्या २०२२ च्या सूचीत एकवीस लाखांहून अधिक संभाव्य ग्रहणकारी युग्मे आहेत. तथापि या यंत्रांना अल्गॉलसारखे ठळक तारे अतितेजामुळे गैरसोयीचे ठरतात. शहरांतील दिव्यांच्या उजेडाने अमरावती व अकोला येथील आकाश पूर्वीइतके काळे राहिलेले नाही. तरी दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचे तारे तेथूनही दिसतात. मंद ताऱ्यांसाठी मेळघाटातील सु. १,१०० मी. उंचीचे चिखलदरा अधिक सोयीचे आहे. विदर्भातीलच पेंच व्याघ्र प्रकल्पास २०२४ मध्ये काळोख्या आकाशाचे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

आवर्तकालाची दुसरी टोकाची मर्यादा सारथी समूहातील एप्सिलॉन ऑरिगी हा तारा दाखवितो. त्याचे ग्रहण २७·१ वर्षांनी येते व दोन वर्षांच्या आसपास टिकते. तेजस्वी ताऱ्यास झाकणारी वस्तू धुळीची प्रचंड तबकडी आहे. मागचे ग्रहण २००९–११ मध्ये झाले. त्याची प्रत २·९ वरून ३·८ पर्यंत उतरते व अमरावतीहून तो मध्यमंडलावर सु. ६७° उंचीवर येतो. पुढील ग्रहणाचा आरंभ २०३६ मध्ये अपेक्षित आहे.